आयएल-वन-बीटा एलायझा किट: आकडा खरा, चित्र खोटं

निकाल आधी सांगते, म्हणजे ज्यांना घ्यायचं की नाही एवढंच हवंय त्यांचा वेळ वाचेल. सूज आणणारं आयएल-वन-बीटा हे प्रथिन मोजायचं हे किट घ्या. पैसे वाया जात नाहीत. फक्त एकटं घेऊ नका. एलडीएच (पेशी फुटली की बाहेर सांडणारं विकर) मोजायचं साधं किट, ब्रेफेल्डिन ए ची छोटी कुपी आणि ग्लायसिनचा डबा यांची ऑर्डर त्याच दिवशी टाका. का, ते पुढे येतंच. आणि सोबतच्या पुस्तिकेत दुसऱ्या पानावर जे रंगीत चित्र आहे, ते विद्यार्थ्यांच्या नजरेस पडू देऊ नका.

कंपनीचं नाव लिहीत नाही. डीलर नेहमीचा आहे आणि पुढचा मालही त्याच्याकडूनच यायचाय.

आमची लॅब बेळगावात, टिळकवाडीच्या अंगाला. नाव लहान, जागा त्याहून लहान. खानापूर भागातल्या झाडपाल्याचे अर्क सूज खरंच उतरवतात का, हे पेशींवर तपासायचं, एवढाच आमचा उद्योग. त्यासाठी टीएचपी-१ पेशी वापरतो. १९८० मध्ये जपानमध्ये ल्युकेमिया झालेल्या एका वर्षाच्या मुलाच्या रक्तातून त्या वाढवल्या गेल्या. आमच्याकडच्या पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन केंद्रातून आणलेल्या. त्यांना पीएमए हे रसायन दिलं की त्या तळाला चिकटतात आणि जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींसारख्या वागायला लागतात. मग आधी एलपीएस द्यायचं, म्हणजे जीवाणूंच्या कवचातला तुकडा, आणि काही तासांनी निजेरिसिन हे रसायन. एलपीएसने पेशी इंटरल्युकिन-१ बीटा बनवून ठेवते, निजेरिसिनने ते बाहेर सोडते. लॅबमध्ये एवढं लांब नाव कोणी घेत नाही, सगळे आयएल-वन-बीटाच म्हणतात. ताप आणणारं, सांधे सुजवणारं प्रथिन. गाऊटमध्ये रात्रीतून पायाचा अंगठा टम्म फुगतो, त्यामागे युरिक आम्लाचे स्फटिक आणि हेच प्रथिन. पेशींच्या भोवतीच्या द्रवात ते किती आलं, हे किट एलायझा पद्धतीने मोजतं, म्हणजे अँटिबॉडीने प्रथिन धरायचं आणि किती धरलं ते रंगावरून ओळखायचं.

९६ वेलची (म्हणजे छोट्या खळग्यांची) प्लेट, आठ-आठ वेलच्या बारा सुट्या पट्ट्या. किंमत ज्युनिअर रिसर्च फेलोशिपच्या महिन्याच्या ३७,००० रुपयांपेक्षा थोडी जास्तच. आमचा ज्युनिअर निपाणीचा. बिल फाईलला लावताना त्याने हेच गणित केलं. "ताई, माझ्यापेक्षा हे महाग आहे की वो." खरं आहे. पण ते सुट्टी मागत नाही, असं लॅबच्या मॅडम म्हणाल्या.

माल मिळवणं हा वेगळाच अध्याय. सीमाप्रश्न किटलाही चुकत नाही. कोल्हापूर आम्हाला शंभर-सव्वाशे किलोमीटर, बंगळुरू पाचशेच्या आसपास. कोल्हापूरच्या डीलरला फोन केला तर तो म्हणतो, "तुम्ही कर्नाटकात, तुमचा एरिया आमच्याकडे नाही." बंगळुरूचा डीलर माल देतो, पण त्याच्या हिशेबी बेळगाव म्हणजे महाराष्ट्रच. "मॅडम, त्या बाजूला आमची गाडी रोज नसते." शेवटी माल बंगळुरूहूनच येतो, कुरिअरने, थर्माकोलच्या पेटीत जेलचे पॅक घालून. किट २ ते ८ अंशांत राहायला हवं. आमची पेटी शुक्रवारी निघाली आणि ऐन पावसात, शनिवारी दुपार उलटल्यावर, कुरिअरच्या पोराचा गोगटे सर्कलवरून फोन आला: "लॅब चालू हाय काय? का सोमवारी देऊ?" सोमवारी! मी छत्री घेऊन तिथवर गेले. पेटी उघडली तर जेलचे पॅक पार मऊ झालेले, कडेला जरा बर्फ शिल्लक. हे मुद्दाम लिहितेय, कारण एवढं होऊनही स्टँडर्डचा (माहीत मापाच्या प्रथिनाचा) आलेख सरळ आला. म्हणजे टिकाऊपणाला पूर्ण मार्क. पण डीलरला बजावून ठेवा: माल सोमवारी किंवा मंगळवारीच पाठवायचा.

पेटीत काय असतं ते थोडक्यात. अँटिबॉडी आधीच बसवलेली प्लेट, चांदीसारख्या पाकिटात. सुकवलेलं स्टँडर्ड. बायोटिन लावलेली दुसरी अँटिबॉडी. त्या बायोटिनला चिकटणारं स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी. धुण्याचा बफर विसपट घट्ट. रंग देणारं टीएमबी, तो थांबवणारं स्टॉप सोल्युशन, प्लेटवर चिकटवायचे प्लास्टिकचे कागद. कागद कमी दिले आहेत. पट्ट्या दोन-तीन वेळेत वापरायच्या म्हणून सुट्या देता आणि कागद मात्र एकाच वेळेपुरते, ही कंजुषी कळत नाही. बफरच्या बाटलीत डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी तळाशी खडे दिसतात, थंडीत खोबरेल थिजतं तसे. ३७ अंशांवर ठेवून पूर्ण विरघळेपर्यंत वापरायचा नाही. पुस्तिकेत 'रूम टेंपरेचर' एवढंच लिहिलंय. कुठली रूम? आमची जानेवारीतली सकाळ आणि एप्रिलमधली दुपार यांत रंग यायच्या वेळेत चांगलाच फरक पडतो. आम्ही प्लेट २५ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवतो आणि कडेच्या वेलमध्ये नमुने घालत नाही.

आता चालवून बघितल्यावर. सगळं धुऊन शेवटी टीएमबी घातलं की मिनिटभर काहीच होत नाही. मग स्टँडर्डच्या पहिल्या वेलमध्ये तळापासून निळा रंग चढायला लागतो, त्याच्या मागोमाग दुसऱ्यात, तिसऱ्यात. २५० पिकोग्रॅमपासून सुरुवात, प्रत्येक पायरीला निम्मं: १२५, ६२.५, असं करत ३.९ पर्यंत. शेवटच्या दोन वेलमधला निळा डोळ्यांना दिसतही नाही, पांढरा कागद खाली धरला तर कळतो. स्टॉप सोल्युशनमधलं आम्ल पडलं की निळ्याचं क्षणात पिवळं होतं. ४५० नॅनोमीटरला रीडर वाचतो, ५७० चं वजा करायचं. स्टँडर्ड दोन-दोन वेलमध्ये घातलं होतं, दोन्हींतला फरक नगण्य. मिलिलिटरमागे चार-आठ पिकोग्रॅम एवढं बारीक माप हे किट इमानदारीने देतं. इथे तक्रारीला जागा नाही. फक्त निजेरिसिन दिलेले नमुने सरळ घालू नका. या पेशी नॅनोग्रॅममध्ये प्रथिन सोडतात, वेल गच्च पिवळे होतात आणि सगळे आकडे वरच्या टोकाला जाऊन आपटतात. निदान वीसपट पातळ करा.

आता ते चित्र.

पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर पेशी काढलीय. केंद्रकातून आरएनए निघतो, ईआर या पटलांच्या जाळ्यावर प्रथिन बनतं, तिथून फुगा निघून गॉल्जी या पुढच्या कप्प्यात जातो, गॉल्जीतून दुसरा फुगा निघून पेशीपटलाला चिकटतो आणि आतलं आयएल-वन-बीटा बाहेर पडतं. बाण लाल, फुगे जांभळे. दिसायला सुरेख आहे. ज्या प्रथिनाचं किट विकताय, त्याच प्रथिनाबद्दल ते चूक आहे.

चित्रातला रस्ता स्वतः खोटा नाही. जॉर्ज पालाडे यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या पेशींना काही मिनिटं किरणोत्सारी अमिनो आम्ल दिलं आणि नवं बनलेलं प्रथिन कुठून कुठे जातं ते टप्प्याटप्प्याने बघितलं: ईआर, गॉल्जी, कण, बाहेर. १९७४ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. ईआरमध्ये शिरायला प्रथिनाच्या टोकाला एक संकेत लागतो, हे दाखवल्याबद्दल गुंटर ब्लोबेल यांना १९९९ मध्ये नोबेल. फुग्यांची वाहतूक कोण चालवतं, त्याबद्दल २०१३ मध्ये शेकमन, रॉथमन आणि स्युडहोफ यांना. इन्सुलिन, अँटिबॉडी, पोटातली पाचक विकरं, सगळी याच रस्त्याने जातात. बीएस्सीला आपण पाठ करतो तो हाच.

आयएल-वन-बीटा मात्र या रस्त्याने जात नाही. १९८४ मध्ये त्याच्या जनुकाचा क्रम हाती आला तेव्हाच लोक बुचकळ्यात पडले, कारण टोकाला तो संकेतच नाही. २६९ अमिनो आम्लांचं प्रथिन, ईआरबाहेर, पेशीच्या साध्या द्रवात तयार होतं आणि तिथेच राहतं. तरी बाहेर सापडतं. पेशी मरते तेव्हा सांडत असेल, असं म्हणून भागत नव्हतं, कारण पेशींतली इतर प्रथिनं त्या प्रमाणात बाहेर दिसत नव्हती. १९९० मध्ये अ‍ॅना रुबार्टेली आणि त्यांच्या इटलीतल्या सहकाऱ्यांनी माणसाच्या मोनोसाइट पेशींना ब्रेफेल्डिन ए दिलं. हे बुरशीपासून मिळणारं रसायन ईआर ते गॉल्जी ही वाट बंद करतं, गॉल्जीचा आकारच मोडतो. नेहमीच्या प्रथिनांचं बाहेर पडणं थांबलं. आयएल-वन-बीटाचं थांबलं नाही. म्हणजे वाट दुसरीच.

मी कंपनीला ईमेल केला, चित्राचा फोटो जोडून. उत्तर आलं की आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे. पुढच्या लॉटची पुस्तिका आली तेव्हा चित्र होतं तसंच होतं, फक्त जांभळ्या फुग्यांवर आता चमक आणलीय.

मॅडम धारवाडच्या, कानडी माध्यमात शिकलेल्या, बोलतात कमी. त्यांनी चित्राखाली पेन्सिलीने एवढंच लिहिलं: 'ब्रेफेल्डिन लावून बघा.' म्हणून लावलं. तुम्हीही लावा. एमएस्सीच्या मुलांसाठी याच्याइतका स्वच्छ प्रयोग दुसरा नाही. आधी सगळ्या वेलना एलपीएस. मग जुना द्रव काढून ताजा घालायचा, निम्म्यांना ब्रेफेल्डिन, निम्म्यांना नुसता त्याचा द्रावक. त्यातल्या काहींना निजेरिसिन, काही तसेच. निजेरिसिनवाल्यांच्या द्रवात आयएल-वन-बीटा मोजायचं; नुसत्या एलपीएसवाल्यांच्या द्रवात टीएनएफ हे सूज आणणारं दुसरं प्रथिन मोजायचं, कारण टीएनएफ ईआर-गॉल्जीच्याच रस्त्याने जातं. टीएनएफच्या दुसऱ्या किटच्या काही पट्ट्या आमच्याकडे उरल्या होत्या. दोन्ही प्लेट शेजारी ठेवल्या. टीएनएफच्या प्लेटवर ब्रेफेल्डिनवाले वेल जवळजवळ पाण्यासारखे. आयएल-वन-बीटाच्या प्लेटवर ब्रेफेल्डिन असो की नसो, पिवळा सारखाच. ज्युनिअरने प्लेट खिडकीकडे धरून दोनदा फिरवून बघितली, नाव घातलेल्या कागदाशी ताडून बघितली, आणि म्हणाला, "हे पुस्तकात वाचलं होतं खरं, दिसल असं वाटलं नव्हतं." (आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्याच्या वाचकांनी गोंधळू नये.)

एवढ्यावर परीक्षण संपवता आलं असतं. पण किटचा मोठा दोष अजून सांगायचाय, आणि तो समजायला हे प्रथिन नेमकं कसं बाहेर पडतं ते थोडं बघावं लागेल.

पेशीत जे बनतं ते ३१ किलोडाल्टनचं कच्चं रूप. त्याला काम करता येत नाही. निजेरिसिनने पेशीतलं पोटॅशियम बाहेर गेलं की एनएलआरपी३ नावाचं संकुल जमतं, ते कॅस्पेज-१ या विकराला जागं करतं आणि कॅस्पेज-१ कच्च्या रूपाची पहिली ११६ अमिनो आम्लं छाटून टाकतं. उरतं ते १७ किलोडाल्टनचं पक्कं आयएल-वन-बीटा. तेच कॅस्पेज-१ गॅसडर्मिन डी या दुसऱ्या प्रथिनालाही कापतं, हे २०१५ मध्ये बीजिंगच्या फेंग शाओंच्या गटाने आणि अमेरिकेतल्या जेनेनटेकच्या गटाने जवळपास एकाच वेळी दाखवलं. कापलेल्या गॅसडर्मिनचे पुढचे तुकडे पेशीपटलात शिरतात, तीसेक तुकडे गोल जमतात आणि मध्ये भोक पडतं. २०२१ मध्ये हाओ वू यांच्या गटाने त्याची रचना दाखवली: आतला व्यास सुमारे २१ नॅनोमीटर. पक्कं आयएल-वन-बीटा साडेचार नॅनोमीटरच्या आसपास. सहज जातं.

मग कच्चं रूप का जात नाही? तेही काही एवढं मोठं नाही. इथे त्या रचनेतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे. भोकाची आतली बाजू बहुतांशी ऋणभारित आहे. कच्च्या रूपाचा जो भाग छाटला जातो तो आम्लधर्मी, म्हणजे तोही ऋणभारित. भोक त्याला ढकलतं. तो भाग गेला की अडसर गेला. म्हणजे एकाच विकराने प्रथिनाला कामाजोगं केलं, त्याच्यासाठी भोक पाडलं, आणि त्या भोकातून जाण्यालायकही केलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खानापूरच्या बसमध्ये होते आणि शेजारच्या मावशींना सांगावंसं वाटलं होतं. सांगितलं नाही.

आता किटचा दोष. पुस्तिकेत 'क्रॉस-रिॲक्टिव्हिटी' या मथळ्याखाली भली मोठी यादी आहे: आयएल-वन-अल्फा नाही, आयएल-६ नाही, टीएनएफ नाही, असं बरंच काही. कच्च्या रूपाबद्दल चकार शब्द नाही. आणि आम्ही नुसतं एलपीएस दिलेल्या पेशी गोठवून-वितळवून फोडल्या, त्यांत निजेरिसिन नाही, म्हणजे पक्कं रूप नावालाच असणार, तो द्रव किटवर घातला तर वेल दणदणीत पिवळे झाले. याचा अर्थ या किटची अँटिबॉडी कच्च्यालाही धरते. पक्क्याइतकं घट्ट धरते की नाही ते यावरून सांगता येत नाही, पण धरते हे नक्की.

हे का महत्त्वाचं? पेशी शिस्तीत भोकातून पक्कं रूप सोडते आहे, की फुटून आतलं कच्चं-पक्कं सगळं सांडते आहे, यातला फरक किटला कळत नाही. दोन्हीकडे पिवळाच रंग. आकडा खरा आहे, तेवढं प्रथिन बाहेर आहेच. ते तिथे कसं पोचलं, एवढं मात्र त्या आकड्यात नाही. तुमचा अर्क विषारी असेल आणि पेशी मारत असेल, तर किट म्हणेल की अर्काने सूज वाढवली.

म्हणून एलडीएच. लॅक्टेट डीहायड्रोजिनेज हे १४० किलोडाल्टनचं संकुल, सगळ्या पेशींत भरपूर, आणि पेशीपटल फाटलं की बदाबदा बाहेर येतं. हे फाटणंही आपोआप होत नाही, निंजुरिन-१ नावाचं पटलातलं प्रथिन ते घडवून आणतं, हे २०२१ मध्ये कळलं. त्याआधी सगळे धरून चालले होते की भोकं पडली की पाणी शिरून पेशी फुटणारच. एलडीएचचं किट या किटच्या पासंगालाही नाही किमतीत, अर्ध्या तासात लाल रंग येतो. प्रत्येक नमुन्याचं एलडीएच आणि आयएल-वन-बीटा शेजारी-शेजारी लिहा. दोन्ही वाढले तर फुटणं मिसळलंय. आयएल-वन-बीटा वाढलं आणि एलडीएच जागेवर, तर पेशीने ते खरोखर सोडलंय.

ग्लायसिन त्यासाठीच. ५ मिलिमोलर ग्लायसिन द्रवात असलं की पेशी फुटायची थांबते, भोकं मात्र राहतात. आमच्या प्लेटवर ग्लायसिनवाल्या वेलमध्ये एलडीएच खाली आलं आणि आयएल-वन-बीटाचा पिवळा टिकून राहिला. लॅबमधली सगळ्यात स्वस्त पावडर, आणि हजारो रुपयांच्या किटला जे सांगता येत नाही ते ती सांगते. शिवाय कच्चं की पक्कं याची शंभर टक्के खात्री हवी असेल तर वेस्टर्न ब्लॉटला (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून ओळखायची पद्धत) पर्याय नाही. १७ किलोडाल्टनच्या जागी पट्टी दिसली पाहिजे. त्यासाठी शेवटचा तास सीरमशिवायच्या द्रवात काढा, नाहीतर सीरममधल्या अल्ब्युमिनने जेल बरबाद होतं.

लॅबमध्ये यावर वाद झाला, तोही सांगते. ज्युनिअरचं म्हणणं, भोक सापडलं, प्रश्न मिटला, पुस्तिकेत फुग्यांऐवजी भोक काढा. मॅडम नाही म्हणाल्या. सगळ्या पेशींची एकच वाट नसते. २०१५ मध्ये शेकमन यांच्याच प्रयोगशाळेतून, हो, फुग्यांच्या वाहतुकीचं नोबेल ज्यांना मिळालं त्यांच्याच, असं काम आलं की उपाशी पेशींत आयएल-वन-बीटा ऑटोफॅजीच्या (पेशीने स्वतःचेच भाग पचवायच्या) पटलांमधल्या पोकळीत शिरतं आणि तिथून बाहेर नेलं जातं. शिरताना त्याला घडी मोडावी लागते. २०२० मध्ये लियांग गे यांच्या गटाने शिरण्याची जागाही दाखवली: टीएमईडी१०, ईआर आणि गॉल्जीच्या मधल्या कप्प्यावरचं प्रथिन. म्हणजे फुगा आहे, पण चित्रात दाखवलाय त्या वाटेचा नाही. पेशी जिवंत राहून थोडं थोडं सोडते तेव्हा ही वाट आणि निजेरिसिनसारखा तडाखा बसला की भोकं, असं मॅडमचं मत. माझं मत विचाराल तर आमच्या प्लेटवर जे दिसतं ते बहुतेक सगळं भोकांचंच, कारण आम्ही तडाखाच देतो.

आणि असं आडवाटेने जाणारं हे एकटंच प्रथिन नाही. रक्तवाहिन्या वाढवणारं एफजीएफ२ तर फुगाही वापरत नाही आणि गॅसडर्मिनही नाही. हायडेलबर्गच्या वाल्टर निकेल यांच्या गटाने वर्षानुवर्षं खपून दाखवलं की ते पटलाच्या आतल्या बाजूच्या एका विशिष्ट फॉस्फोलिपिडला चिकटतं, तिथे एकमेकांना जोडून स्वतःच स्वतःपुरतं भोक पाडतं आणि बाहेरच्या हेपॅरन सल्फेटच्या साखळ्या त्याला ओढून धरतात. यीस्टमधलं एसीबी१ उपासमार झाली की ऑटोफॅजीच्या जनुकांच्या मदतीने बाहेर पडतं. २०१० मध्ये त्यावर जे दोन शोधनिबंध एकदमच आले त्यातल्या एकाचे पहिले लेखक रवी मंजिथाया आज बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये ऑटोफॅजीवरच काम करतात. आमच्या किटची गाडी येते त्याच शहरात. सिस्टिक फायब्रोसिस या आजारातलं बिघडलेलं सीएफटीआर प्रथिन तर वेगळंच: त्याला संकेत आहे, ते ईआरमध्ये शिरतं, पण विशिष्ट परिस्थितीत गॉल्जी टाळून पटलावर पोचू शकतं. असल्या एकाही गोष्टीबद्दल हे किट काही बोलणार नाही. त्याने बोलावं अशी अपेक्षाही नाही. चुकीचं चित्र छापू नये एवढीच आहे.

झाडपाल्यावर काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कारण त्या पुस्तिकेत नाहीत. अर्काने आकडा खाली आला म्हणून उड्या मारू नका. आमच्या एका अर्काने आकडा निम्म्यावर आणला. तोच अर्क एलपीएसनंतर, निजेरिसिनच्या जरा आधी दिला, तर काहीच फरक पडला नाही. म्हणजे तो बाहेर पडणं अडवत नव्हता, मुळात प्रथिन बनूच देत नव्हता. दोन्ही उपयोगी, पण थिसिसमध्ये लिहायची वाक्यं वेगळी. दुसरं, हिरड्यासारखे टॅनिनवाले अर्क. टॅनिन प्रथिनांना चिकटतं, आयएल-वन-बीटालाही आणि प्लेटवरच्या अँटिबॉडीलाही. नुसत्या अर्कात मोजून स्टँडर्ड घाला आणि तेवढंच परत वाचता येतं का बघा. हिरड्याच्या बाबतीत आम्हाला निम्मंही परत मिळालं नाही. पेशी नव्हत्याच त्या वेलमध्ये, तरी 'सूज' कमी झाली होती.

मार्क द्यायचे तर: माप पाचपैकी पाच, टिकाऊपणा पाच, सामानाची भरती तीन, पुस्तिका एक. तो एकही धुण्याच्या पायऱ्या नीट लिहिल्याबद्दल.

कोणी घ्यावं? ज्यांच्याकडे रीडर आहे आणि एलडीएच करायची तयारी आहे त्यांनी डोळे झाकून. चिकोडी, गोकाककडच्या कॉलेजांनी एकेकटं किट घेण्यापेक्षा दोघांत एक घ्यावं. पट्ट्या सुट्या निघतात, उरलेल्या त्याच पाकिटात सिलिकाच्या पुडीसकट बंद करून ४ अंशांत ठेवल्या तर महिनाभर चालतात, आम्ही चालवल्या आहेत. विरघळवलेलं स्टँडर्ड मात्र ठेवू नका, दुसऱ्या दिवशी ते आलेखात खाली बसतं. ऑर्डर देताना डीलरकडून दोन गोष्टी लेखी मागा: एक्स्पायरीला निदान सहा महिने असलेला लॉट, आणि कच्च्या रूपाशी क्रॉस-रिॲक्शन किती टक्के. पहिल्याचं उत्तर लगेच येतं. दुसऱ्यासाठी तो "कंपनीला विचारून सांगतो" म्हणतो. तिथे सोडू नका, पैसे भरायच्या आधीच विचारा, भरल्यावर फोन उचलायला त्यालाही वेळ लागतो.